चकचे जबडे घासले, त्याची हकीकत

त्या सकाळी मी दूध तापवलं, अंथरुणं उन्हात टाकली, कुंड्यांना पाणी घातलं, आदल्या रात्रीची भांडी घासायला घेतली आणि पातेलं, झारा, दोन वाट्या यांच्याबरोबर मशीनच्या चकचे तीन जबडेही गरम साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवले. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

थांबा भावजी, मायना राहिलाच. हकीकत मनात इतकी दाटली होती की लेखणी उचलली आणि थेट मोरीत जाऊन बसले. तर प्रिय भावजींना वहिनीचे अनेक आशीर्वाद. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलं, म्हणजे गच्चीवर जाऊन पतंग काढू नका असाही त्याचा अर्थ होतो, हे धाकट्या जाऊबाईंनी तुम्हाला सांगितलं असेलच. त्यांचा खोकला थांबला का? चिरंजीवांचं गणित सुधारलं का? (नसेल तर बोलू नका त्याला. त्याच्या वयात तुम्ही सातापुढचा पाढा मला बघून कपाटामागे जाऊन म्हणत होता.) मी खुशाल आहे. मशीन खुशाल नाही. त्याचंच सांगायला बसले आहे.

तुम्ही कळवलंत की एक व्यापारी तुमच्या दादांचं लेथ मशीन बघायला येतील, तुम्ही त्यांना शब्द दिला आहे, आणि ते मशीन घेऊन गेले की मी दुकानाला कुलूप लावून तुमच्याकडे राहायला यावं. माझ्यासाठी खोली रिकामी केलीत, स्वतःच्या हातांनी भिंती घासल्यात आणि रंग कोणता देऊ म्हणून विचारलंत. ते पत्र मी बऱ्याच वेळा वाचलं. इतक्या मायेनं विचारणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं ते सुचेना, म्हणून मी मशीन साफ करायला घेतलं. मला काही सुचेनासं झालं की मी काहीतरी घासते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी मी घरातले सगळे कंदील घासले होते.

आता चक म्हणजे काय ते सांगते, कारण लहानपणी तेलाचा वास आला की तुम्ही नाक धरून पळायचा. मशीनच्या डोक्याला एक जाड लोखंडी थाळा असतो, तो चक. त्याला तीन खाचा, तीन खाचांत तीन जबडे. कडेच्या भोकात चावी घालून फिरवली की तिन्ही जबडे एकदम आत सरकतात आणि मधे ठेवलेला लोखंडाचा तुकडा, ज्याला आम्ही जॉब म्हणतो, तो बरोबर मध्यावर घट्ट धरतात. मग चक फिरतो, जॉब फिरतो आणि हत्यारानं आपण त्याला हवा तसा गोल करून घेतो. तिघांत एक पुढे आणि दोघं मागे असं चालत नाही. (आपल्या घराण्यातले तीन जण एका कामाला असे एकदम पुढे सरकलेले मला दाखवा, मी बक्षीस देईन.)

तुमचे दादा मला मशीन शिकवायचे तेव्हा पहिला धडा हाच होता की चावी चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही. चावी तशीच राहिली आणि मशीन चालू झालं तर ती गोळीसारखी सुटते. नियम चांगला, पण ह्यांनी तो घरभर लागू केला. चमचा बरणीत ठेवून हात काढायचा नाही. कात्री कापडात ठेवून हात काढायचा नाही. एकदा मी वाचता वाचता पुस्तकात बोट ठेवून दार उघडायला गेले, तर म्हणाले, "बोट काढ, नाहीतर गोष्ट सुटून कोणाला तरी लागेल." आता बघायला कोणी नाही, पण बरणीतला चमचा मी अजून काढून ठेवते.

तर जबडे. चावी उलटी फिरवत गेलं की ते एकामागून एक हातात येतात. वर्षानुवर्षांचं तेल, लोखंडाचा कीस आणि काळा चिकटा त्यांच्या दातांत बसला होता. घरातल्या माणसानं असे दात घेऊन पाहुण्यांसमोर हसलेलं मी चालवून घेतलं नसतं. घासून लख्ख केले, पुसले, उन्हात वाळवले, तेल लावलं. प्रत्येकावर आकडा कोरलेला दिसला, एक, दोन, तीन. मी शिस्तीची बाई. घड्याळाचे काटे फिरतात तसे डावीकडून उजवीकडे, एक, दोन, तीन असे क्रमानं बसवून टाकले. चकच्या तोंडावरचा काळा थर तेवढा राहू दिला. म्हटलं, चाळीशी उलटलेलं मशीन आहे, थोडं वय दिसू दे, नाहीतर व्यापाऱ्याला वाटेल रंग लावून खपवतायत.

व्यापारी आले ते टिचक्या मारतच. त्यांचं नाव मी टिचकीवाले ठेवलं आहे. दाराला टिचकी मारून कान दिला, कपाटाला मारली, मशीनच्या अंगाला वरपासून खालपर्यंत मारल्या, मग मी चहा दिला तर कपालाही मारली. (कपानं काय उत्तर दिलं कोण जाणे, पण चहा प्याले.) मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "बघा, आजच दात घासलेत त्याचे." त्यांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला एक चकचकीत पोलादी दांडा काढला. अगदी सरळ. तो म्हणे त्यांचा कस. मशीनला धरायला द्यायचा, मशीन फिरवायचं, आणि दांड्याचं टोक जागच्या जागी फिरलं तर मशीन सरळ.

मी स्वतः चावी फिरवून दांडा धरला, चावी काढली, मशीन चालू केलं. भावजी, काय सांगू. त्या दांड्याचं टोक असं भिरभिरायला लागलं जसं लग्नघरात नको तितका आनंद झालेला मामा. मी बंद केलं, पुन्हा धरलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा मामा.

टिचकीवाले मान हलवत म्हणाले, "याचं कंबरडं गेलंय, बाई. आतला दांडाच वाकलाय, ज्याच्यावर चक फिरतो तो."

"परवापर्यंत तर सरळ चालत होतं," मी म्हटलं.

"सगळेच परवापर्यंत सरळ चालतात."

तुमचे दादाही गेले त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत ठणठणीत होते. एक पंप सोडवत होते, त्याच्या मालकाला शिव्या देत होते, दोनदा चहा मागितला. लोखंड तरी वेगळं का वागेल, असं मला त्या क्षणी वाटलं. त्यांनी दांडा फडक्यात गुंडाळला आणि दारात उभे राहून म्हणाले, "तुमच्या दिरांशी शब्द झालाय म्हणून नेईन. पण भंगार म्हणून. वजनावर." आणि जाताना मशीनला आणखी एक टिचकी मारली. भावजी, ती मात्र मला लागली.

पुढचं ऐका. गल्लीला कान नसतात, तोंडंच असतात. दुपारपर्यंत पंपवाला आला आणि टर्निंगला, म्हणजे मशीनवर गोल करायला, दिलेलं त्याचं काम पिशवीत भरून घेऊन गेला. फार गोड बोलून, म्हणजे किती वाईट ऐकून आला असेल ते कळावं. शेजारचा वेल्डर रोज सकाळी "काय वहिनी, आज काय उडवायचं?" म्हणून ओरडायचा, तो आता हळू आवाजात विचारपूस करतो. आजारी माणसाच्या घरासमोरून जाताना लोक चपला वाजवत नाहीत ना, तसं चाललं आहे. आपले मिस्त्री डोळ्याचं ऑपरेशन करून घरी पडले आहेत, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. त्यांना मी यातलं काही सांगितलं नाही. ज्या मशीनवर माणसानं उभं आयुष्य काढलं त्याचं कंबरडं मोडलं, हे त्याला दिसत नसताना कसं सांगायचं? भेटायला गेले तर म्हणाले, "माझ्या माघारी मशीनला हात लावू नका, वहिनी. तुम्ही घासाल." मी म्हटलं, छे.

आता मी एक पुस्तक वाचायला घेतलं आहे. लेथ मशीनवरचं, उशीएवढं जाड. ह्यांनी रद्दीतून आणलं होतं आणि कधी उघडलं नाही. (म्हणायचे, "मी हे वाचलं तर मशीनला संशय येईल.") गेलेल्या माणसाविषयी नंतर लोक काय काय सांगतात ते आपण ऐकतो ना, तसं वाचते आहे. तुम्हाला माझी वाचायची रीत माहीत आहे. मला कोणी शाळेत घालून वाचायला शिकवलं नाही, पुड्यांच्या कागदांवर शिकले, तेव्हा फाटलेल्या गोष्टींचा इतका कंटाळा आला की हाती अख्खं पुस्तक आलं तर मी एक पान गाळत नाही. लिहिणाऱ्यानं काही विचार करूनच लिहिलं असेल. त्यामुळे लोखंड जमिनीतून कसं काढतात इथपासून सुरुवात केली, मग भट्टी, मग पट्टे, आणि सध्या वंगण चाललं आहे. वंगणाचे इतके प्रकार असतात आणि आपण सगळ्याला तेल म्हणतो.

तर थोडक्यात, (थोडक्यात म्हणायला उशीर झाला, पण म्हणते) मशीन गेल्यात जमा आहे. दुकानात बसून मी काय करू? तुम्ही म्हणता तेच बरोबर. टिचकीवाल्यांना सांगा की घेऊन जा. मी सामान आवरते. खोलीला फिकट हिरवा रंग द्या. खिडकीजवळ पुस्तकांपुरती एक फळी ठोका म्हणजे झालं. सर्वांना आशीर्वाद. जाऊबाईंना सांगा, खोकल्याला गरम पाणी.

तुमची वहिनी

ता. क. पाकीट आणायचं राहिलं म्हणून पत्र घरातच होतं, ते बरं झालं. वंगण संपलं आणि पुढचं प्रकरण चकचं निघालं. त्यात लिहिलं आहे की जसे जबड्यांवर आकडे असतात तसे चकच्या खाचांवरही असतात, आणि एकचा जबडा एकच्याच खाचेत, दोनचा दोनच्याच खाचेत बसला पाहिजे. नाहीतर तिघं एकदम सरकतात खरे, पण मध्यावर भेटत नाहीत. मी पुस्तकात बोटसुद्धा न ठेवता उठले, फडकं रॉकेलमध्ये बुडवलं आणि चकचं तोंड पुसलं. (तेच, वय दिसावं म्हणून राखलेलं.) काळ्या थराखाली आकडे होते. आणि ते माझ्या घड्याळाच्या उलट बाजूनं जात होते. म्हणजे एकचा जबडा घरी होता आणि दोन व तीन एकमेकांच्या घरी पाहुणे. तिन्ही काढले, आकडा बघून बसवले, दादांचा जुना सरळ दांडा धरला, चालू केलं. टोक जागचं हललं नाही. मला वाटलं मशीन चालूच झालं नाही. हात लावून बघणार होते, तेवढ्यात शहाणपण आलं.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण सरळ होतं, नाचणारीनं त्याला घासून वाकडं केलं.

मिस्त्रींना जाऊन सगळं सांगितलं. पट्टी बांधलेला माणूस इतका हसला की त्यांची सून धावत आली, डोळ्याला ताण पडेल म्हणून मलाच रागावली. म्हणाले, "माणसाच्या तोंडात सुळ्याच्या जागी दाढ आणि दाढेच्या जागी सुळा बसवला तर तो जेवेल का, वहिनी? आणि तुम्ही त्याला भंगारात काढलंत!" मग विचारलं, "आता त्या व्यापाऱ्याला काय सांगणार?"

ता. क. २. तोच तर प्रश्न आहे. मी बसून सरळ विचार केला. गप्प राहिले तर मशीन माझ्याकडे राहू शकतं. भंगारासाठी कोण घाई करतो, आज-उद्या करत चालढकल करता येते. पण मग हे मशीन वाकडं म्हणूनच ओळखलं जाणार. ज्या मशीनच्या कामाला दादांच्या हयातीत कोणी माप लावून बघितलं नाही, त्याला पंपवाल्यासारखी माणसं नाकं मुरडणार, आणि काम नसेल तर मशीन राखून मी काय त्याच्यावर कपडे वाळत घालू? उलट, सरळ आहे म्हणून सांगितलं तर टिचकीवाले तुमचा शब्द दाखवून ते उचलून नेणार, आणि तेही खूश होऊन. म्हणजे झाकलं तर मशीनची अब्रू जाते, उघडलं तर मशीन जातं. रात्री गाढ झोप लागली, हे सांगायला मला लाज वाटते, पण घासून दमले होते.

वरची पानं फाडून नवं पत्र लिहावं असं एकदा मनात आलं. पण एवढं पुन्हा कोण लिहिणार, आणि खाडाखोड दिसली की तुम्ही दिव्याकडे धरून वाचता. तेव्हा वरचं तसंच ठेवते आणि खाली खरं लिहिते. फिकट हिरवा रंग मला आवडतो हे खरं. बाकी यायचं म्हटलं ते मशीन मेलं म्हणून म्हटलं. भावजी, मला यायचं नाही. तुमच्या पहिल्या पत्रालाच हे उत्तर द्यायला हवं होतं, पण तुम्ही भिंती घासत होता आणि मी जबडे. तुमच्या घरात मला काही कमी पडणार नाही, तेच मला नको आहे. इथे सकाळी उठलं की काहीतरी कमी असतं आणि ते करायला मी लागते. मी येईन, पण पिशवी घेऊन येईन, ट्रंक घेऊन नाही. आणि तुमचा शब्द मोडला म्हणून तुम्हाला वाईट वाटेल. तो मोडणारी मी आहे, तुम्ही नाही, असं टिचकीवाल्यांना सांगा. फक्त एवढं लक्षात असू द्या की तो शब्द मी दिलेला नव्हता.

ता. क. ३. आता ज्यासाठी हे पत्र खरोखर टाकते आहे ते. तुमच्याकडच्या मोठ्या बाजारात मशीनच्या सामानाची ओळ आहे. तिथून आपल्या चकच्या मापाचा मऊ जबड्यांचा एक संच आणा. माप वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं आहे, ती हरवू नका. मऊ म्हणजे दाबून बघू नका, लोखंडच असतं, पण नेहमीच्या जबड्यांसारखं पाणी देऊन कडक केलेलं नसतं. त्यामुळे ते मशीनवरच कोरून जॉबच्या आकाराचे करता येतात, आणि मग पातळ, नाजूक जॉबही चिमटा न बसता धरतात. आपल्याकडचा संच दादांनी एका गिऱ्हाइकाच्या पितळी कड्यांसाठी कोरला होता. ते गिऱ्हाईकही आता नाही. मी मिस्त्रींना म्हटलं, एकाच मापाचे होऊन बसले, आता हे दुसरं काय धरणार? तर म्हणाले, "पुन्हा कोरता येतात की. फक्त दर वेळी थोडं मोठं माप धरायचं, लहान धरता येत नाही." जुना संच मी तसाच ठेवणार आहे. नव्या कामाला नवा हवा. दुकानदार जबड्यांवर टिचकी मारू लागला तर दुसऱ्या दुकानात जा.

ता. क. ४. पाकीट आणलं, तिकीट लावलं, पण टाकण्याआधी कालचं सांगून टाकते, म्हणजे तुम्ही दुसऱ्या कोणाकडून ऐकायला नको. मिस्त्रींना सगळं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी टिचकीवाल्यांकडे गेले आणि त्यांना त्यांच्या दांड्यासकट घेऊन आले. पंपवाल्याला आणि वेल्डरलाही हाक मारली. त्यांच्यासमोर सांगितलं की जबडे मी उलटे बसवले होते, आणि दांडा टिचकीवाल्यांनाच धरायला लावला. मशीन फिरलं. त्यांनी वाकून बघितलं, चष्मा काढून बघितलं, मग म्हणाले, "हे तर सुतासारखं सरळ आहे! उद्याच गाडी पाठवतो."

"विकायचं नाही," मी म्हटलं.

"मग मला बोलावलं कशाला?"

"वाकडं म्हणाला होतात, ते परत घ्यायला."

वेल्डर हसला तो नेहमीच्या आवाजात. टिचकीवाले मशीनकडे वळून म्हणाले, "सरळ आहे, बाबा." टिचकी मारली नाही. त्यांना चहा दिला, तो घेऊन ते गेले. मी दार उघडंच ठेवलं, केस बांधले आणि एका शिवणयंत्रवाल्याच्या बुशा, म्हणजे लहान पोकळ नळकांड्या, टर्निंगला घेतल्या.